इस्पिकचा एक्का

परवा लातूरच्या गंजगोलाईत भाजक्या शेंगांचा वास आला आणि मी तीस वर्षं मागे, देवणीतल्या एका ओसरीवर जाऊन बसलो. मुलगी बघायला गेलो होतो. सगळं जुळलं होतं, तिच्या वडिलांचा होकार तेवढा बाकी होता. चहा होईपर्यंत त्यांनी शेंगांची परात मध्ये ठेवली, पत्ते पिसले आणि मेंढीकोटात मला आपला भिडू केलं. विरुद्ध माझे मामा आणि तिचे काका.

तीन मेंढ्या, म्हणजे दश्श्या, त्या दोघांनी आधीच नेल्या होत्या. इस्पिकची राहिली होती आणि इस्पिकचा एक्का माझ्याकडे होता! इस्पिक पहिल्यांदा आलं तेव्हा मी हुशारीनं तिर्री टाकली. म्हटलं, मेंढी निघू द्यावी, मग झडप घालू. पुढे माझी उतारी आल्यावर एक्का टाकला, तर काकांकडचं इस्पिक संपलेलं. त्यांनी हुकूम मारला, मामांनी हसत त्यावर मेंढी ठेवली. चारही मेंढ्या गेल्या, आमच्यावर कोट.

"पाव्हणं, एक्का होता न्हवं? मग पहिल्यालाच का न्हाई टाकला?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"म्हटलं, जरा वाट बघावी."

"लई वाट बघता राव तुमी," म्हणून ते उठले.

चहा आला, होकार आला नाही. पत्त्यांवरून माणूस जोखणारा येडा म्हातारा, असं मी गावभर सांगत फिरलो. खरं तर परत जाऊन विचारायला हवं होतं. मी निरोपाची वाट बघत राहिलो, तोवर तिचं लग्न झालं.

आता मोबाइलवर मेंढीकोट खेळतो. एक्का आला की लगेच टाकतो. भिडू काही बोलत नाही. ते यंत्र आहे.