काळ्या पडद्याचे सव्वीस सेकंद

गाडी मागे घेताना मागे कोण उभं आहे हे तुम्हाला खरंच माहीत असतं, की कुणी नसेल असं धरून तुम्ही चालता?

माझे बाबा धरून चालत होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी आठ सीटची व्हॅन घेतली आणि रायपूरच्या आमच्या ब्राह्मणपाऱ्यातली मुलं शाळेत सोडायला लागले. आमची गल्ली पुढे बंद आहे. व्हॅन गल्लीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि रोज सकाळी रिव्हर्समध्येच बाहेर काढावी लागते. दोन्ही बाजूंना घरांच्या पायऱ्या, पायऱ्यांवर मुलं. बाबांना मान पूर्ण वळवता येत नाही, डॉक्टरांनी पट्टा दिलाय. तेव्हा दोन आरसे आणि एक अंदाज, एवढ्यावर त्यांचं काम चालायचं.

एका सकाळी नर्सरीतली एक मुलगी पाण्याची बाटली पडली म्हणून व्हॅनच्या मागे वाकली. आरशात ती कुठेच नव्हती. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी बादली कठड्यावर आपटली, म्हणून बाबांनी ब्रेक दाबला. मुलगी बाटली घेऊन उठली, "दादाजी, चलो ना," म्हणाली आणि व्हॅनमध्ये चढून बसली. तिला काही कळलंच नाही. बाबांना मात्र सगळं कळलं. शाळा सुटेपर्यंत ते शाळेच्या फाटकाबाहेरच बसून राहिले.

संध्याकाळी ते मला म्हणाले, "पोट्टी वाकली होती अन् मले दिसली नाही. मागचं दिसन तर चालवीन. नाही तर दिवाळीच्या सुट्टीपासून व्हॅन बंद."

बाबा बोलले की करतात, हे मला माहीत होतं. युनियनच्या दिवसांत त्यांनी लिहिलेली पत्रकं आमच्या घरात पलंगाखाली गठ्ठ्यांनी असायची. मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले. मागण्या क्रमाने लिहायच्या, उत्तर लेखी मागायचं, तोंडी आश्वासनावर उठायचं नाही, हे आमच्याकडे शिष्टाचारासारखं होतं. म्हणून कॅमेरा निवडायचं काम मी माझ्याकडे घेतलं. बाजार फसवायलाच बसलेला असतो आणि मी फसणार नाही, एवढी माझी खात्री होती.

आम्हाला कॅमेरे दोन हवे होते. एक मागे, दुसरा डावीकडे, जिथून मुलं चढतात-उतरतात. काचेवर चिकटवायचा छोटा पडदा बाबांनी आधी लावून पाहिला होता. रायपूरच्या उन्हात त्याचा गोंद वितळला आणि तो चालत्या व्हॅनमध्ये त्यांच्या मांडीवर पडला. म्हणून रेडिओच्या जागी पडद्याचा स्टिरिओ बसवायचा आणि दोन्ही कॅमेरे त्यालाच जोडायचे, असं ठरलं.

मी अकरा प्रश्न लिहून काढले आणि आम्ही तेलीबांध्याकडच्या एका मोठ्या दुकानात गेलो. आत गारेगार. भिंतीवर एक लांब फळी, तिच्यावर दहा-बारा सेट ओळीने चालू. प्रत्येकावर रंगीत चित्रं, गाणी, नकाशे. एकाला जोडलेल्या कॅमेऱ्यात आमचेच पाय दिसत होते. मालक माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठे असतील.

"पुरानी गाड़ी में लगेगा?"

"हव, लग जाएगा."

"डॅशबोर्ड कापावा लागेल?"

"थोड़ा बहुत, दीदी. पता भी नहीं चलेगा."

"दो कैमरे?"

"दो क्या, चार लगाइए."

"चारही एकाच वेळी दिसतील?"

ते फळीकडे वळले. "एक बार में एक दिखेगा."

मी कागदावर जोरात खूण केली. प्रत्येक गोष्टीला हो म्हणणाऱ्या माणसाचा मला पहिल्या मिनिटापासून संशय आला होता, आणि पहिला पुरावा हाती लागला होता. मग वॉरंटी कोण देणार, बिल पक्कं का, सेटमधला माइक आमचं बोलणं कुठे पाठवतो का, मागचं चित्र डावं-उजवं उलट दिसतं का, मी एकेक विचारत गेले. सातव्या प्रश्नाला ते बाबांकडे वळले.

"अंकल, दीदी सेट लेने आई हैं कि छापा मारने?"

"लहानपणापासून अशीच आहे," बाबा म्हणाले. त्यांच्याकडून मला एवढीच मदत मिळाली.

दुसरं दुकान शहरात, दाटीच्या रस्त्यावर. तिथे सेटच्या पाठीमागे चार पिवळी तोंडं होती, चार कॅमेऱ्यांच्या वायरी जोडायला. मी मोबाइलचा उजेड टाकून आत पाहिलं. दोन तोंडांच्या आत काहीच नव्हतं. नुसतं प्लास्टिक, शोभेला. मी दुकानदाराला दाखवलं. त्याने सेट माझ्या हातून काढून घेतला आणि म्हणाला, "ये डिस्प्ले पीस है." मी म्हटलं, मग खरा पीस उघडा. तो म्हणाला, पेटी फुटली की माल विकला जात नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी बाबांना बाजारावर एक भाषण दिलं. ते ऐकत होते की मानेला शेक घेत होते, ते कळलं नाही.

तिसरी जागा भनपुरीत. तिथे ट्रकांच्या वायरिंगचं काम करणारे एक वयस्क मिस्त्री होते. ना दुकान, ना फळी. एका ट्रकच्या सावलीत खाट, खाटेखाली पेट्या. मी प्रश्नांचा कागद काढला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"गाड़ी कहाँ से निकालते हो, बताओ."

बाबांनी गल्ली सांगितली, भिंत सांगितली, पायऱ्या सांगितल्या. मिस्त्रींनी खाटेखालून एक साधा, जाडजूड सेट काढला. त्याच्यावर नकाशा नाही, मोबाइलसारखं काही नाही. रेडिओ, गाणी आणि दोन कॅमेरे.

"याचं माहितीपत्रक?" मी विचारलं.

"कागज नहीं है. माल है."

मी बाबांना बाजूला घेतलं. "छापील काहीच नाही, बाबा. उद्या काही झालं तर धरायचं कुणाला?"

"माणसाले," बाबा म्हणाले. "तो आपली गल्ली विचारून राहिला. दुसऱ्यानं कोणी विचारली?"

"विचारणं हे विक्रीचं तंत्र असतं."

"तेलीबांधेवाला हो म्हणते तं खोटा. हा विचारते तं खोटा. खरा कोण मंग, पेटी?"

मला राग आला, कारण माझा विश्वास खरोखरच पेटीवर होता. तेलीबांध्याच्या सेटबरोबर चार पानी माहितीपत्रक होतं. मी ते तीनदा वाचलं होतं. पडदा किती इंच, तोंडं किती, वीज किती खातो, सगळं लिहिलेलं आणि सगळं पडताळलेलं. मी आमच्या घरची पोर. माणूस तोंडाने काही बोलला तर मी त्याला उलटसुलट तपासते, आणि तेच कागदावर नीट क्रमाने छापून आलं की माझी मान आपोआप हलते.

आम्ही तेलीबांध्याचा सेट घेतला. दुपारभर बसून त्यांच्या कारागिरांनी तो बसवला. मालकांनी आमच्यासमोर चावी फिरवून बंद करून दाखवला, पुन्हा चालू केला, गिअर मागे टाकला. लगेच चित्र. डावा कॅमेरा, लगेच चित्र. बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला, पण ती हलली नाही. मागून एका स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने. बऱ्याच वेळाने व्हॅन गेली. परत आल्यावर बाबा म्हणाले, "पडदा काळा राहते. कंपनीचं चित्र येते, गोल गोल फिरते, मंग कॅमेरा लागते."

मी तडक दुकानात गेले. मालकांनी फळीवरच्या त्याच सेटवर कॅमेरा लावून दाखवला. लगेच चित्र. "देखिए दीदी. और कल आपके सामने गाड़ी में भी चला था." त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की सेट परत करायला मी काहीतरी रचते आहे. आणि मला स्पष्ट वाटत होतं की त्यांना हे आधीपासून माहीत होतं. दुपारी बाबांना व्हॅन घेऊन बोलावलं. चावी, गिअर, लगेच चित्र. तिघेही पडद्याकडे बघत राहिलो. बाबांची मान खाली गेली. मला लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला बाबांचाच संशय आला. वय झालं, घाई होत असेल, बघायच्या आधीच गिअर टाकत असतील.

पुढच्या सकाळी मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी चावी फिरवली, गिअर मागे टाकला आणि पाय ब्रेकवर ठेवला. पडदा काळा. मी मोजायला लागले. कंपनीचं चिन्ह आलं, फिरायला लागलं. मी डाव्या आरशात पाहिलं. तीच नर्सरीतली मुलगी घरातून निघाली, पायऱ्या उतरली, आमच्या मागच्या चाकापर्यंत आली, काहीतरी आठवून परत फिरली, पायऱ्या चढली. मग पडद्यावर गल्ली आली, स्वच्छ आणि रिकामी. सव्वीस सेकंद. त्या वेळात ती गाडीमागे येऊनही गेली होती, आणि पडद्याने तिला पाहिलंच नव्हतं.

"दिसलं आता?" बाबांनी विचारलं. त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता.

मी मालकांना फोन केला आणि म्हटलं, उद्या सकाळी सातच्या आत ब्राह्मणपाऱ्यात या, नाही तर मी तुमच्या दुकानासमोर पत्रकं वाटीन. ते आले. स्कूटरवर, कानाला मफलर बांधून, चिडलेले. बाबांनी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि चावी हातात दिली. त्यांनी चावी फिरवली. काळा पडदा. ते मोठ्याने मोजायला लागले, दहापर्यंत मोठ्याने, नंतर मनात. चित्र आल्यावर त्यांनी कानावरचा मफलर सोडला.

"ये तो आज तक किसी ने पूछा ही नहीं," ते म्हणाले. "शेल्फ पर तो दिन भर चालू रहता है. मैं आता हूँ उसके पहले लड़के चालू कर देते हैं."

तेव्हा सगळं उलगडलं. असा सेट म्हणजे एक मोबाइलच. चावी काढली की काही तास तो नुसता डुलकी घेतो, तेव्हा हाक मारली की लगेच उठतो. रात्रभर पडून राहिला की गाढ झोपतो, आणि सकाळी पहिल्यापासून जागा व्हायला त्याला वेळ लागतो. दुकानात त्याला गाढ झोप कधी मिळतच नाही. माहितीपत्रकातली एकही ओळ खोटी नव्हती. ही एक ओळ फक्त तिथे नव्हती, आणि माझ्या अकरा प्रश्नांतही नव्हती.

त्यांनी सेट परत घेतला. कुरकुरले, पण घेतला. मी त्यांना चोर समजून दोन दिवस भांडले होते. त्यांना स्वतःच्या मालाची माहिती नव्हती. हे चोरीपेक्षा बरं का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. मुलीच्या जागी उभं राहून पाहिलं तर दोन्ही सारखंच.

आम्ही भनपुरीला गेलो. मिस्त्रींनी जास्त काही विचारलं नाही. जाडजूड सेट बसवला, मग सेटची रात्रभराची झोप इथेच व्हावी म्हणून बॅटरीची एक वायर काढून ठेवली आणि आम्हाला चहा प्यायला लावला. वायर परत जोडून बाबांना म्हणाले, चालू करा. मला म्हणाले, "बिटिया, तुम गाड़ी के पीछे खड़ी हो."

"मी काहून?" माझ्या तोंडून बाबांचीच भाषा निघाली.

"सवाल तुम्हारे थे ना."

मी मागे जाऊन उभी राहिले. हँडब्रेक ओढलेला होता, तरी मी एक पाऊल मागे सरकले. मी एक म्हणेपर्यंत आतून बाबांचा आवाज आला, "दिसून राहिली. लाल ओढणी." मग खाली बस म्हणाले. मी बसले. "आताही दिसून राहिली."

हे कसं, मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, या सेटमध्ये कॅमेऱ्याची वाट वेगळी आहे, बाकीचं जागं व्हायची वाट तो बघत नाही. "ट्रकवाला पहले पीछे देखता है, गाना बाद में सुनता है. उसके लिए ऐसा ही बनाते हैं." मी लेखी मागितलं. त्यांनी माझ्याच प्रश्नांच्या कागदामागे तारीख आणि सही करून दिली.

दिवाळी झाली. व्हॅन चालू आहे. बाबा मात्र अजून एक काम करतात. चावी फिरवायच्या आधी खाली उतरून व्हॅनभोवती एक फेरी मारतात, पट्टा लावलेली मान सांभाळत. मी म्हटलं, आता कशाला. ते म्हणाले, "कॅमेऱ्यावर भरोसा आहे. पण त्याले विचारत राहावं लागते."

जुन्या गाडीत असा सेट बसवणार असाल, किंवा बसवला असेल, तर उद्या सकाळी एवढं करा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत बसा, पाय ब्रेकवर ठेवा, हँडब्रेक ओढा, चावी फिरवा, गिअर मागे टाका आणि चित्र येईपर्यंत मोजा. जो आकडा येईल तेवढे सेकंद घरातल्या सगळ्यात लहान मुलाला गाडीपासून दूर, अंगणात चालायला सांगा आणि ते कुठवर पोचतं ते बघा. मग तो आकडा घेऊन दुकानात जा, आणि फळीवर चालू असलेला सेट वायर काढून पूर्ण बंद करायला, मग पुन्हा चालू करायला सांगा.