डोहातला आंधळा राक्षस

"राक्षस शे भो, जवाई नही," असं म्हणत तो स्टीलच्या ताटात फासे फेकायचा. ताटात का, तर आवाजासाठी. सुरतेत उधन्याच्या यंत्रमागांवर उभं आयुष्य काढलेल्या माणसांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. आणि ताट सगळ्यांच्या मधोमध, कारण फासा काय पडला हे कुणाच्या सांगण्यावरून मानायची त्याची तयारी नव्हती. स्वतःच्याही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तो मागावरचा कारागीर, मूळचा अमळनेरकडचा, अहिराणी बोलणारा. मुंबईच्या एका रद्दीवाल्याकडून त्याने एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यात एका खेळाचे नियम होते. एकाने गोष्ट सांगायची आणि तिच्यातले सगळे शत्रू व्हायचं. बाकीच्यांनी एकेक वीर होऊन लढायचं. कोण वाचलं, कोण मेलं ते फासे ठरवणार. पुस्तकाला वीस बाजूंचा फासा हवा होता. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या या शहरात तो कुठेच मिळाला नाही, तेव्हा तीन साध्या फाशांवर भागलं.

आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असे. त्या दिवशी दुपारी आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत खेळ रंगायचा. मी शाळामास्तर, त्यामुळे मला मांत्रिक केलं होतं. शाळेत माझं कुणी ऐकत नसे, इथे निदान भुतं ऐकायची.

त्याचे राक्षस जागेवर उभे राहून मार खात नसत. अर्धे जखमी झाले की चाल बदलत, दिवे विझवत, पायाखालची फळी काढून घेत. तापीच्या डोहातला राक्षस सगळ्यांत वाईट. तो आंधळा होता आणि आवाजावर झेप घ्यायचा. नियम एकच: खोलीत जे मोठ्याने बोललं जाईल, ते राक्षसाने ऐकलं. मागाच्या खडखडाटात कारागीर हातांच्या खुणांनी बोलतात. माझ्याशेजारी बसणाऱ्या रघुनाथने एके दिवशी सगळा डाव खुणांनीच मांडला. राक्षस होऊन समोर बसलेला तोही कारागीरच. त्याला सगळं समजलं. पण तो म्हणाला, "माले समजनं. राक्षसाले नही." आणि राक्षसाला त्याने चुकीच्या दिशेला वळवलं. त्याच्याइतका प्रामाणिक शत्रू मला पुढे भेटला नाही. मित्रांबद्दल बोलायलाच नको.

तरी ऐन वेळी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून शब्द निघायचाच, आणि आठवडेच्या आठवडे आम्ही त्या राक्षसाकडून हरत होतो. अशात मंडळाच्या अध्यक्षांना खेळाची बातमी लागली. अध्यक्ष म्हणजे खोलीची किल्ली, दोन शाली आणि एक कायमचा गॉगल. मंडळाच्या वर्धापनदिनाला आपण पाहुण्यांसमोर राक्षस मारणार, असं त्यांनी जाहीर केलं. आदल्या दिवशी राक्षस चालवणाऱ्याला बाजूला घेऊन, राक्षस मेला नाही तर खोलीचं काय ते बघावं लागेल, असंही सुचवलं. हा म्हणाला, "या. मारा." अध्यक्षांना तो होकार वाटला.

वर्धापनदिनाला ते हार घालूनच खुर्चीत बसले. आम्ही जमिनीवर. त्यांची पाळी आली तशी ते उठून उभे राहिले आणि माइकवर असावेत तशा आवाजात सांगू लागले, की मी आता डाव्या कपारीतून दबक्या पावलांनी राक्षसाच्या मागे जात आहे. रघुनाथने घाबरून हात वर करून 'बंद कर' अशी खूण केली. सगळ्यांनीच केली. अध्यक्षांना तो जयजयकार वाटला. त्यांनीही हात उंचावला आणि पुढची योजना सांगितली.

फासे वाजले. त्याने ताट अध्यक्षांपुढे सरकवलं. त्यांचा वीर डोहाच्या तळाशी गेला होता.

"पुन्हा टाक," अध्यक्ष म्हणाले.

"टाकला तो पडला, साहेब."

ते खाली वाकून हळूच म्हणाले, "खोली पाहिजे ना तुम्हाला?"

"पाहिजे." मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "पण हा राक्षस तुमच्यासाठी मेला, तर हे लोक इतके दिवस कोणाशी लढत होते?"

पुढच्या सुट्टीला खोलीला कुलूप होतं. आम्ही बाहेर पायरीवर बसलो. एकजण म्हणाला, एकदा मरू दिला असता तर काय बिघडलं असतं. त्याने रुमालाने ताट पुसलं आणि मध्ये ठेवलं. त्यानंतरच्या एका दुपारी, तोंडातून अक्षर न काढता, नुसत्या खुणांवर आम्ही राक्षसाला कपारीत कोंडलं. शेवटचा घाव रघुनाथचा. राक्षस चालवणाऱ्याने फासे पाहिले. "पडना राक्षस," एवढंच म्हणाला आणि रघुनाथच्या पाठीवर थाप मारली.

पुढे आमच्या राक्षसवाल्याचा कारखाना बंद पडला आणि तो भिवंडीला गेला. पत्र लिहायचा त्याचा स्वभाव नव्हता.

मंडळाच्या पुढच्या वर्धापनदिनाला अध्यक्षांनी भाषणात गतवर्षीच्या पराक्रमाचा उल्लेख केला. राक्षस आपण कसा लोळवला, ते पाहुण्यांना सविस्तर सांगितलं. पाहुणे माना डोलावत होते. मागच्या रांगेतून रघुनाथ उठला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो नेहमी मोठ्याने बोलतो.

"साहेब, तुमाले राक्षसाने मारलं. राक्षस आम्ही मारला."

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला. टाळ्या मागच्या रांगांतून सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. त्या ज्याच्यासाठी होत्या, तो तेव्हा भिवंडीत पाळीवर होता.