तीनदा भरलेला चुडा

त्या बुधवारी मी केलेली सही सर्व नियमांना धरून होती. हे आधीच सांगते, कारण माझ्या अपराधाची सुरुवात तिथेच आहे. पाथर्डी तालुक्यातील एका वस्तीवरच्या शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. दिवाळी सरली की आमच्याकडची निम्मी घरे ऊसतोडीला जातात आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी शाळेच्याच दोन खोल्यांत हंगामी वसतिगृह चालते. आईबाप परत येईपर्यंत ती मुले माझ्या स्वाधीन असतात. त्यांतलीच एक मुलगी सातवीत होती, वय वर्षे तेरा. तिला येथे मी सोनाली म्हणते. खरे नाव तिचे तिच्यापाशीच राहू द्यावे.

त्या दुपारी एक बाई आली. नीटनेटके नऊवारी, बोलणे मायेचे. "मी सोनालीची आत्या. वहिनी तिकडं फडावर, कोपीत लई आजारी हाय. पोरीला बघायचं म्हनती. दादानं अर्ज दिलाय, दाखलाच मागितलाय, तिकडंच शाळेत घालू म्हनतोय." अर्जावर वडिलांचा अंगठा होता, दोन साक्षीदार होते, तारीख होती, कारण लिहिलेले होते. माझ्या टेबलावर येणाऱ्या शंभरांतल्या नव्वद अर्जांत यांतले काहीतरी राहून जाते. हा अर्ज इतका परिपूर्ण होता की मला मनातून त्याचे कौतुकच वाटले. मी सोनालीच्या वडिलांना एकदा फोन लावला. तो बंद होता, आणि उसाच्या फडावर फोन बंदच असतात हे मला ठाऊक होते. मी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि सोनालीला तिचे दप्तर आवरायला सांगितले. ती निघताना म्हणाली, "बाई, आईला बरं वाटलं की मी येते." मी तिच्या वेणीची सुटलेली फीत बांधून दिली. त्या बाईकडे मात्र नीट पाहिलेसुद्धा नाही.

मी मोहट्याच्या देवीची भक्त आहे. मार्गशीर्षातले गुरुवार मी अनेक वर्षे पाळते. पण मोकळेपणाने कबूल करायला हवे की, माझी भक्तीही माझ्या कचेरीतल्या दप्तरासारखीच होती. आधी संकल्प, मग पूजा, मग कहाणी, मग आरती. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. क्रम चुकला नाही म्हणजे देवी प्रसन्न असणारच, असा माझा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, घट मांडताना माझे मन लागेना. त्या आजारी आईचे कसे असेल, एवढाच विचार येत राहिला. पूजा अर्धी टाकून मी पुन्हा फोन लावला. या वेळी तो लागला आणि पलीकडून सोनालीची आईच बोलली.

"बाई, मी तर फडात हाय. मोळ्या बांधतीय. मला काय धाड भरलीय?" ती हसत होती. मग तिचे हसणे थांबले. "का वं? सोनी कुठं हाय?"

मी तिला कालच्या आत्याचे आणि अर्जाचे सांगितले. वडिलांना बहीणच नाही, हे तिने मला सांगितले. अंगठा कसा आला, तेही तिथेच कळले. पंधरा दिवसांपूर्वी ओळखीच्या एका माणसाने 'शाळेचा कागद आहे' म्हणून तो घेतला होता. शाळेचा कागद म्हटल्यावर सोनालीचे वडील विचारत नाहीत. त्यांनी शाळेवर विश्वास ठेवला होता, आणि मी कागदावर.

वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या ताराबाईंना बरोबर घेऊन मी मिळेल त्या जीपने पाथर्डी गाठली. पोलीस ठाण्यात मी सगळे सांगितले. माझी सही लपवली नाही, ती पहिल्यांदा सांगितली. तिथल्या महिला हवालदार शांत होत्या. त्यांनी सोनालीचा फोटो घेतला, स्टँडवर आणि नाक्यांवर निरोप दिले आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही स्टँडकडे थांबा. मुलीला तुम्ही ओळखता, त्या बाईलाही. पण दिसली तर एकट्याने काही करू नका, मला फोन करा." एक संपूर्ण रात्र निघून गेली होती. इतक्या वेळात माणूस कुठल्या कुठे जातो.

स्टँडपर्यंत चालताना मी देवीला हाक मारण्याचा प्रयत्न केला आणि मला एकही स्तोत्र आठवेना. रोज पाठ म्हणणारी मी, पहिली ओळसुद्धा येईना. शेवटी तोंडातून निघाले ते इतकेच: "आई, मला काही कळत नाही. पोर तुझी आहे." या प्रार्थनेला ना आरंभ होता ना फलश्रुती. पण त्या क्षणापर्यंत मी देवीला कधीच असे म्हटले नव्हते की मला काही कळत नाही.

त्याच वेळी एका हातगाडीच्या लोखंडी कडेला माझा हात आपटला आणि उजव्या हातातली काचेची एकुलती एक बांगडी तुटून खाली पडली. "फुटली," मी म्हणाले.

"फुटली म्हनू न्हाई, बाई. वाढली म्हना," ताराबाई म्हणाल्या. "चला, तिथं कासाराचं दुकान हाय. गुरुवारचा उपास, सवाष्णीचा हात मोकळा ठिवायचा न्हाई."

मला संताप आला. "पोर हरवली आहे, आणि तुम्हाला बांगडीचं सुचतंय?"

"मला पोरीचंच सुचतंय," त्या म्हणाल्या. "हात मोकळा ठिवून पोर सापडनार हाय का? एक मिनिट लागतंय." आणि त्यांनी माझे मनगट धरून मला शाळेतल्या मुलासारखे ओढत नेले. वाद घालण्याइतके बळ माझ्यात नव्हते. मी गेले ती श्रद्धेने नव्हे, थकव्याने गेले.

दुकान अरुंद होते. आत एक वयस्कर मुसलमान बाई, ज्यांना सगळे चाची म्हणत होते, पाटावर बसून एका मुलीच्या हाताला साबणाचे पाणी लावत होत्या. मुलीच्या मनगटावर हिरव्या बांगड्या अर्ध्यावर आल्या होत्या. मुलीने मान वर केली. ती सोनाली होती.

ती रडली नाही, धावली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती म्हणाली, "बाई, माझी आई गेली का?"

तिच्या बाजूने विचार करा. आजारी आईला भेटायला निघालेली मुलगी. वाटेत तिच्या हातात नवरीचा चुडा भरला जातो. का, असे विचारले तर मुकाट बस म्हणतात. आणि मग अचानक शाळेच्या बाई दारात उभ्या. तिला दुसरे काय वाटणार? मी तिच्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "नाही ग. तुझी आई ठणठणीत आहे. सकाळीच माझ्याशी बोलली. ती आजारी नव्हतीच." तेव्हा कुठे ती रडली.

कालची आत्या भिंतीलगत बसली होती. ती उठली, तशा ताराबाई दुकानाच्या उंबऱ्यात आडव्या बसल्या. त्यांचा देह भरभक्कम आहे. उंबरा पूर्ण भरला. "चाची, मला बी भरा," त्या म्हणाल्या. "डझनभर. सावकाश."

"मी तिची आत्याच हाय की, बाई," ती म्हणू लागली.

"आत्या हायेस तर मघाशी हात का फुडं केला न्हाईस?" चाची तिच्याकडे न बघताच बोलल्या. "अर्धा तास झाला, इचारतीय मी तुला."

मी हवालदार बाईंना फोन केला. ठाणे जवळच होते. त्या आल्या आणि पुढचे त्यांनी हाती घेतले. बाहेर गाडीत थांबलेला माणूस पळाला, पण चार दिवसांनी सापडला. त्याच्याजवळ माझ्या सहीच्या दाखल्याची प्रत मिळाली. जन्मसाल खोडून पाच वर्षांनी मागे नेले होते. दूरच्या एका गावी, चाळिशीतल्या परक्या माणसाशी, दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, तिचे लग्न लागणार होते. रात्र तिने त्या बाईबरोबर पाथर्डीबाहेरच्या एका खोलीत काढली होती. देवीच्या कृपेने तिला इजा झालेली नव्हती.

चाचींना मी विचारले की तुम्हाला कसे कळले. त्या म्हणाल्या, "कळलं काय न्हाई. पन चाळीस वर्सं चुडा भरतीय. नवरी कधी एकटी येती का? आई येती, मावश्या येत्यात, करवल्या भांडत्यात, म्हाताऱ्या मापावरून चेष्टा करत्यात. नवरीच्या आधी त्यास्नीच हात भरून पायजेत. ही बया आली, म्हनली हिचेच भरा, झटपट. सोता एक बांगडी घेईना. घरचं लगीन असून हात रिकामा ठिवनारी बाई मी बघितली न्हाई." त्या थांबल्या. "पोलिसाचं नाव काढलं असतं तर उठून गेली असती पोरीला घेऊन. म्हनून माप चुकतंय म्हनत ऱ्हायले. तीनदा भरल्या, तीनदा काढल्या. वाटलं, अल्ला कुनाला तरी धाडील."

ज्या वेळी मी रस्त्यात मोहट्याच्या आईला हाक मारीत होते, त्याच वेळी पन्नास पावलांवर त्या असे म्हणत बांगड्या काढीत होत्या. यावर मी काही सिद्ध करू पाहत नाही. जसे घडले तसे लिहिले आहे. चाचींनी सोनालीच्या हातातल्या बांगड्या साबणाने हलकेच उतरवल्या, एकही न फोडता, आणि म्हणाल्या, "ह्या तुझ्या लग्नाला भरीन. लई शिक, मग ये."

बालकल्याण समितीपुढे सर्व रीतसर झाले. तिसऱ्या दिवशी तिची आई आली, उसाच्या पात्याने चिरलेले हात घेऊन. मी तिला म्हणाले की चूक माझी आहे. तिला मला शिव्या देण्याचा पूर्ण अधिकार होता. ती म्हणाली, "राग तर लई आला हुता. वाटंनं येताना काय काय ठरवलं हुतं बोलायचं. पन तुमी फोन केला न्हाई का. त्यो नसता केला तर?" आणि तिने माझ्या हातचा चहा घेतला. त्या चहाइतका मोठा प्रसाद मला आजवर मिळालेला नाही.

आता कोणताही दाखला देण्यापूर्वी मी आईचा आणि बापाचा आवाज स्वतः ऐकते. फोन लागला नाही तर मूल जात नाही, अर्ज कितीही परिपूर्ण असो. मुलांनाही सांगते की कुठे नेत आहेत, का नेत आहेत, हे विचारणे उद्धटपणा नव्हे. नियम मी सोडलेले नाहीत. पण शरण जाणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे आणि क्रमाने पूजा करणेही नव्हे, एवढे मला उमगले आहे. जिथे आपली शहाणीव संपते तिथे ते मान्य करावे, आणि मदत कोणाच्या रूपाने आली तरी तिला ओळख विचारत बसू नये.

दाखला दिलेल्या मुलाचे नाव हजेरीपटातून कमी होते. परत आल्यास ते सर्वांच्या शेवटी, नव्या क्रमांकाने लिहावे लागते. त्या सोमवारी मी सोनालीचे नाव असे शेवटी लिहिले. हजेरी घेताना वर्ग नेहमीसारखा गडबड करीत होता. शेवटचे नाव पुकारून मी बाकांवर तिला शोधू लागले. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "बाई, ती हाय की हितं!" आणि मग तिचा स्वतःचा आवाज आला, थोडा चिडलेला, अगदी नेहमीचा: "हजर, बाई."