आत वळणारी तर्जनी

माझा नवरा कॅनडातला, सपाट गव्हाच्या मुलखातला. गिटारवर ब्लूज आणि जुनी लोकगीतं गायचा. लग्नानंतर आम्ही अमेरिकेत, ट्रॉय नावाच्या शहरात राहिलो. मी लॅबमध्ये नोकरी करायचे आणि तो व्हॅन घेऊन गावोगावच्या बारमध्ये, फेस्टिव्हलमध्ये गात फिरायचा. घरी यायचा तेव्हा आवाज पार बसलेला असायचा, पण माणूस खुशीत.

२००५च्या हिवाळ्यात वाजवता वाजवता त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आपोआप आत वळायला लागली. कप धरताना, बटणं लावताना काही नाही. तारांवर हात गेला की मात्र वळायची. डॉक्टर म्हणाले, बोटात दोष नाही, मेंदूच चुकीचं शिकून बसलाय, आणि खात्रीचा इलाज नाही. त्यावर त्यानं दिवसदिवस प्रॅक्टिस सुरू केली. जितका रेटून वाजवायचा, तितकं ते बोट जास्त वळायचं. एकेक करत कार्यक्रम कॅन्सल झाले. माझ्याशीही तो बोलेनासा झाला.

उन्हाळ्यात नागपूरहून आई आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. रोज दुपारी ती त्याच्या हाताला तिळाचं तेल चोळायची आणि तो मुकाट्यानं चोळून घ्यायचा. एकदा ती म्हणाली, "जावईबापू, थोडे दिवस ते वाजवणं बंद ठेवा ना."

मी त्याला सांगितलं. तो हाताकडे बघत म्हणाला, "मग मी उरतो कुठे?"

हे आईला मराठीत सांगणं माझ्याच्यानं झालं नाही. तिनंही विचारलं नाही, चोळत राहिली.

ऑगस्टमधला एक फेस्टिव्हल त्यानं हट्टानं कॅन्सल केला नव्हता. आम्ही तिघं गेलो. पहिलं गाणं कसंबसं निभावलं. दुसऱ्यात बोट वळलं आणि सूर तुटला. त्यानं गिटार स्टेजवर आडवी ठेवली आणि पायानं ठेका धरून तो नुसताच गायला लागला. लोकांना वाटलं, गाणंच तसं असेल. ते टाळ्यांनी साथ देत राहिले. आईसुद्धा.

परतताना गाडी मी चालवत होते. "कुणाला कळलंसुद्धा नाही," एवढं बोलून तो हमसून हमसून रडायला लागला. मी हायवेच्या कडेला थांबले. मागच्या सीटवरून आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. पुढं एका दुकानात त्यानं गिटार दुरुस्तीचं काम धरलं. दुरुस्त झालेली गिटार तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, आणि ते वाजवून बघेपर्यंत स्वतः मागच्या खोलीत जाऊन थांबायचा.