गोकुळचा दगड, सोमनाथचा नारळ

माझा मावसभाऊ गोकुळ हा पिशोरचा पहिला खाण अभियंता. दुसरा झाला नाही, कारण पहिल्याचे हाल सगळ्यांनी पाहिले. चौदा वर्षं तो ऑस्ट्रेलियात जमिनीखाली सहाशे मीटरवर सोनं शोधतोय. तिथलं नागरिकत्वही घेतलंय. गावात मात्र त्याची ओळख एवढीच, की सोन्याच्या खाणीत राहून यानं आईला साधी नथ आणली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो आला, कारण वडिलांची दोनशे मोसंबीची झाडं वाळत होती. बोअर एकच घेणं शक्य होतं. ते कोरडं गेलं की बाग गेली. गोकुळने तीन दिवस उन्हात जमिनीत तारा खुपसून यंत्रावरचे आकडे वाचले आणि नाल्याकाठी बोअरच्या जागेची खूण म्हणून चुना फासलेला एक दगड ठेवला.

त्याचे वडील, रामकिसनकाका, दगडाकडे बघून म्हणाले, "तुझं यंत्र लई चांगलं. पण पानाड्याला इचारल्याबिगर बोअरची गाडी लावायची नाय."

पानाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला की खाली पाणी. आमच्याकडचं भूगर्भशास्त्र एवढंच, आणि त्यात कुणी नापास होत नाही.

गोकुळ भांडला नाही. मला संताप आला. त्याला येत नाही याचा जास्त आला. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन हर्सूलला गेला, सोमनाथ पानाड्याच्या घरी. खाणीतलं आपलं दिव्याचं हेल्मेट त्याच्या हातात देऊन म्हणाला, "भाऊ, नारळ चुन्याच्या दगडापाशी उभा करा."

सोमनाथने हेल्मेट घालून आरशात पाहिलं. "दगडावरच नाय जमायचं. हातभर बाजूला करतो. आपली बी काही इज्जत हाय."

नारळ हातभर बाजूला उभा राहिला. दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं आणि काका सगळ्यांसमोर रडले. सोमनाथला शाल मिळाली, फेटा मिळाला. नारळ त्याच्याकडे होताच. सत्काराचे फोटो गोकुळने काढले.

तो परत निघाला तेव्हा काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तेवढा नारळ शिकला असतास, लेका, तर इथंच राहिला असतास."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोकुळने माझ्या पायावर पाय दिला.

"व्हय, बाबा," तो म्हणाला.