बाजींचा आक्षेप

बाजींसमोर 'बहुतेक चालेल' म्हणायची सोय नव्हती. चष्मा कपाळावर सरकवून त्या विचारायच्या, "बहुतेक म्हंजे? कवा चालणार न्हाई, ते सांग."

नांदेडच्या पॉलिटेक्निकमध्ये त्या आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायच्या. मुली त्यांना बाजी, म्हणजे ताई, म्हणायच्या, मग हदगाव-किनवटची आम्ही पोरंही म्हणू लागलो. त्यांच्या घराखाली भावाचं शिलाईचं दुकान होतं. वरच्या खोलीत, खालच्या मशिनींच्या खडखडाटात बसून त्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, जगभरातून सुचवलेले बदल तपासायच्या.

पुण्यात नोकरीला लागल्यावर मी एक छोटं फंक्शन लिहिलं. कॉम्प्युटर अडकला, की नेमका कुठे अडकला ते छापून दाखवणारं. कंपनीला ते कर्नलमध्ये घालायचं होतं. तपासणाऱ्यांत बाजी होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो. त्यांनी मेलिंग लिस्टवर, सगळ्यांदेखत, नकार कळवला.

मी तणतणत नांदेड गाठलं. "बाजी, माझंच का?"

"तुझं फंक्शन छापायच्या आधी मेमरी मागून राहिलं. मेमरी संपली म्हणून तर कॉम्प्युटर अडकलाय! आजाऱ्याला बघायला गेलास, अन् त्यालाच म्हणतोस जेवायला वाढ?"

त्यांनी जुन्या कॉम्प्युटरची मेमरी मुद्दाम संपवली आणि माझं फंक्शन चालवलं. पडदा गोठला. एक अक्षर उमटलं नाही.

तेवढ्यात आमच्या टीम लीडचा फोन आला. मी बाजींकडेच आहे असं सांगून मी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आमच्या पाच सीनियर लोकांनी हे पास केलंय. तुम्ही डिप्लोमाच्या मुलांना शिकवता ना?"

"हाव. त्यातल्याच एकानं लिहिलंय हे," बाजी म्हणाल्या. "पाच काय, पन्नास नावं आणा. माझं मिळणार न्हाई."

मी फोन ठेवला, तशा बाजी माझ्याकडे वळल्या. "तुझी नोकरी जाईल का रे?"

"माहीत नाही."

"मग बस. नीट लिहू."

दोन दिवस आम्ही लिहीत होतो. फंक्शनला लागणारी मेमरी आता कॉम्प्युटर सुरू होतानाच बाजूला काढून ठेवली. ते फंक्शन कर्नलमध्ये गेलं. बाजींचं ऐकलं म्हणून मला मात्र त्या कामावरून काढलं, आणि पुढे मीच ती कंपनी सोडली.

बाजी जाऊन दोन वर्षं झाली. हल्लीच कुणीतरी ती राखीव मेमरी वाया जाते, काढून टाका, असा प्रस्ताव मांडला. मी आक्षेप नोंदवला. चौघं माझ्या विरोधात आहेत, त्यांत एक माझे आताचे साहेब. आक्षेप मागे घे, असं त्यांनी परवा बजावलं.

घेतलेला नाही.