मुक्या पेट्यांचा वर्ग

बेंगळुरात हेब्बाळच्या पुढं एक विद्यापीठ आहे, तिथं मी आठवड्यातून दोनदा पेटी शिकवतो. हार्मोनियम म्हणा हवं तर, पण आम्ही बेळगावकडची माणसं, एवढा लांबलचक शब्द कोण बोलत बसणार! बाकीचे दिवस मी इंदिरानगरातल्या एका ऑफिसात असतो. तिथं माझी ओळख म्हणजे "अहो, जरा प्रिंटर बघा की". मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र मी 'सर' असतो. उगाच साधेपणाचा आव कशाला आणू? मला ते सर म्हणवून घेणं भयंकर आवडतं.

त्यामुळं डीन मॅडम जेव्हा म्हणाल्या, "वार्षिक कार्यक्रमात तुमच्या मुलांनी चांगलं वाजवलं तर क्लास चालू ठेवू, नाहीतर त्या वेळेला झुंबा घेऊ," तेव्हा मी त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. झुंबा म्हणे! माझी मंगळवारची इज्जत झुंबाच्या घशात!

त्यात आमची जागा ऐका. विद्यापीठाचं आवार एवढं अवाढव्य की आत फिरायला बस आहे, आणि पेटीच्या क्लासला खोली दिली ती लायब्ररीला खेटून. मध्ये फक्त एक काचेचं दार. ज्या महाभागानं हे ठरवलं, त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

पहिल्याच दिवशी आम्ही 'सा' लावला आणि काचेवर टकटक झाली. दारात लायब्ररीच्या अक्का. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या मराठी घरातल्या, केसात मोगरा, कपाळाला आठी. "मास्तर, इथं मुलं वाचतात. सद्दु नको," म्हणाल्या, आणि ओठांवर बोट ठेवून लांबलचक 'शूऽऽ' केलं. मी म्हटलं, "अक्का, पेटी आहे ही, आवाज होणारच." त्या म्हणाल्या, "सरी, बरं, मग आवाज न करता वाजवा."

आता हे काय बोलणं झालं? पण रागाच्या भरात मी तसंच केलं. डाव्या हातानं भाता हलवला तरच पेटीत वारा जातो. भात्याला कडी लावून ठेवली की पट्ट्या कितीही दाबा, हूं की चूं नाही. झालं! आमचा क्लास मुका झाला. मी गत पुटपुटत म्हणायचो, मुलं मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवायची, आणि चूक झाली की मी बोटावर फूटपट्टी मारायचो. सगळी हॉस्टेलवर राहणारी इंजिनिअरिंगची पोरं, घरी पेटी कुणाकडंच नाही. कुणी केरळचं, कुणी बिहारचं. माझं कन्नड त्यांना कळेना, माझं हिंदी मलाच कळेना. पण एक मराठी शब्द सगळ्यांना पाठ झाला. कुणाचा हात चुकून डावीकडं गेला की मी दबक्या आवाजात खेकसायचो, "भाता!" की लगेच कडी घट्ट.

मध्येमध्ये काचेपलीकडून अक्का डोकावायच्या. मी मनात म्हणायचो, बघा बघा, डोळे फाडून बघा, एक चूक सापडते का.

रंगीत तालमीच्या दिवशी स्टेज नाचवाल्यांनी अडवलं. तरी मी निर्धास्त. बोटं एवढी तयार होती की बस्स.

कार्यक्रमाच्या दिवशी पडदा उघडला. मुलं कुर्ते घालून ओळीनं बसलेली. पहिल्या रांगेत डीन मॅडम, त्यांच्या मागं अक्का. मी विंगेतून मान डोलवली आणि मुलांनी सुरुवात केली. काय ती बोटं! काय ते डोळे मिटणं! आणि आवाज? छे! सगळ्यांचे डावे हात मांडीवर, भात्यांच्या कड्या जिथल्या तिथं.

माईकवाला बिचारा घामाघूम. वायर काढ, वायर लाव, "हॅलो चेक, हॅलो चेक". मी विंगेतून डावा हात होडी वल्हवल्यासारखा हलवतोय. केरळची पोरगी माझ्याकडं बघून गोड हसली, तिला वाटलं सर खूश झाले. शेवटी मला राहवलं नाही. जिवाच्या आकांतानं ओरडलो, "भाताऽ!"

आणि माझ्या गुणी लेकरांनी काय करावं? झटकन हात नेऊन कड्या आणखी घट्ट केल्या.

संपलं, म्हटलं. आला झुंबा. मी डोक्याला हात लावून खुर्चीत बसलो. खरं सांगतो, रडू आलं.

तेवढ्यात प्रेक्षकांतून आरोळी आली, "अरे, आवाज करा की! सद्दु माडी!" बघतो तर अक्का उभ्या! जिनं वर्षभर आख्ख्या विद्यापीठाला 'शू' केलं, ती बाई हात हवेत नाचवून ओरडत होती, "कडी काढा रे, कडी!"

कड्या निघाल्या, भाते हलले. गत अर्ध्यावर आली होती. तिथूनच सगळ्या पेट्या एकदम बोलायला लागल्या, सगळ्या एकाच सुरावर. एकही बोट मागं नाही की पुढं नाही. मी खुर्चीतून उडालोच. अहो, ही पोरं वाजवत होती! पहिल्यापासून बरोबर वाजवत होती!

नंतर डीन मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीचा तो शांत भाग फार मॉडर्न होता. तुमची कल्पना?"

"हो मॅडम," मी म्हटलं. का नाही म्हणू? क्लास चालू राहिला.

खोली मात्र तीच. पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा कड्या लावून बसलो. थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. सगळ्यांची बोटं जागच्या जागी थांबली. मी म्हटलं, "अक्का, आज तर आम्ही काहीच केलं नाही."

"तेच तर," अक्का म्हणाल्या. त्यांनी मागं वळून लायब्ररीकडं पाहिलं, आत आल्या, दार ओढून घेतलं आणि माझ्याच खुर्चीत बसल्या. "वर्षभर काचेतून नुसती बोटं बघत होते, मास्तर. आता वाजवा. स्वल्प."